स्प्रिंगची चामड्याची सीट: ताठ बसून सायकल चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

काळी उंच रोडस्टर असो, लेडीज सायकल असो की हँडल वर घेतलेली हायब्रिड, पाठ ताठ ठेवून रोज कामाला जाणारे लोक मला सीटबद्दल विचारतात. मी पुण्यात रोज अशीच सायकल चालवतो, जुन्या सीट उघडतो, साफ करतो, पुन्हा बसवतो. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर थेट वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराची गरज लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. स्प्रिंगची चामड्याची सीट म्हणजे नेमकी कशी? साध्या सीटपेक्षा तिच्यात वेगळं काय?

सुंभाची बाज आठवा. चौकट घट्ट, आणि मधे नुसता ताणलेला सुंभ. या सीटचंही तसंच आहे. सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा चामड्याचा एकच तुकडा पुढे नाकाशी, म्हणजे सीटच्या अरुंद टोकाशी, आणि मागे अर्धगोल लोखंडी पट्टीशी रिव्हेटनी जोडलेला असतो. त्याच्या खाली फोम नाही, प्लॅस्टिक नाही, पत्रा नाही. आपण बसतो ते थेट ताणलेल्या चामड्यावर.

मागच्या पट्टीखाली दोन जाड गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. चामडं अंगाचा आकार घेतं आणि स्प्रिंगा रस्त्याचा दणका घेतात. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि पुढच्या निम्म्या उत्तरांचा आधार हाच फरक आहे. नाकाच्या खाली एक लांब बोल्ट असतो, त्याच्यावरचा नट फिरवून चामड्याचा ताण वाढवता येतो (प्रश्न १४).

२. हात लावला तर दगडासारखी लागते. जेलची मऊ सीट सोडून ही कोणी का घ्यावी?

दुकानात अंगठ्याने दाबून सीट निवडायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, आणि तिथेच फसगत होते. बसल्यावर आपलं वजन मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतं. मऊ फोममध्ये ती दोन हाडं खाली रुततात आणि त्यांच्या मधला फोम वर येतो. तो दाबतो ते नेमक्या नाजूक जागेवर, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. पहिली दहा मिनिटं गादीवर बसल्यासारखं वाटतं, अर्ध्या तासाने बधिरपणा सुरू होतो.

ताणलेलं चामडं मधून वर येत नाही. हाडांखाली ते हळूहळू दबतं, तिथे दोन उथळ खळगे पडतात आणि वजन त्या खळग्यांत पसरतं. शिवाय चामडं घाम शोषून घेतं आणि खालून मोकळं असल्यामुळे हवा लागते. एप्रिल-मेच्या उन्हात रेक्झिनवर बसून पँट चिकटलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

३. माझी गिअरची सायकल आहे, हँडल खाली आहे. हीच सीट लावू का?

रुंद स्प्रिंगची सीट लावू नका. हँडल सीटच्या पातळीवर किंवा वर असेल आणि तुम्ही ताठ बसत असाल तरच ती सुखाची आहे. पुढे वाकलं की कंबर फिरते, वजन बैठकीच्या हाडांच्या पुढच्या, अरुंद भागावर जातं आणि सीटची रुंदी मांड्यांना घासू लागते. पॅडल जोरात मारताना स्प्रिंगाही वरखाली होतात आणि जोर वाया जातो.

रोडस्टरचं गणित उलटं आहे. तिचा सीटखालचा पाइप बराच मागे कललेला असतो, हँडल वर आणि जवळ असतं, त्यामुळे जवळजवळ सगळं वजन सीटवर येतं. हातांवर फारच थोडं. पाठ ताठ असली की खड्ड्याचा दणका सरळ मणक्यातून वर जातो, तो अडवायला हात किंवा वाकलेली कंबर मधे नसते. म्हणून इंग्लंडच्या रोडस्टरवर, नेदरलँड्सच्या ओमाफिट्सवर (ताठ बसायची तिथली लेडीज सायकल) आणि आपल्या लुधियानाच्या काळ्या सायकलीवर स्प्रिंगच दिसते.

हँडल मध्यम उंचीवर असेल तर अरुंद सीट किंवा हलक्या स्प्रिंगची सीट घ्या (प्रश्न ६).

४. रुंदी किती घ्यावी?

घरीच मोजा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पाठ ताठ ठेवा आणि गुडघे थोडे वर उचला. मिनिटभराने उठा. तिरपा प्रकाश टाकला की दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेकांचं १०० ते १५० मिलिमीटरच्या आत भरतं. स्त्रियांचं सरासरीने थोडं जास्त असतं, पण अंगकाठीवरून अंदाज बांधू नका. धिप्पाड माणसाचं कमी आणि बारीक माणसाचं जास्त भरलेलं मी स्वतः मोजलं आहे.

फोमच्या सीटचा हिशेब इथे तसाच लागू होत नाही, कारण चामड्याच्या सीटच्या मागच्या कडेला लोखंडी पट्टी असते. हाडं त्या पट्टीच्या बऱ्यापैकी आत, चामड्यावर पडली पाहिजेत. हाड पट्टीवर किंवा रिव्हेटवर आलं तर वर्षभर चालवूनही सीट मऊ होणार नाही. लोखंड कधी दबतं का? ताठ बसणाऱ्यांनी मोजलेल्या अंतरात निदान ६० मिलिमीटर मिळवावेत. अंतर १३० भरलं तर २०० च्या आसपासची सीट पाहा.

५. स्प्रिंगा दोन हव्यात की तीन?

बहुतेकांना मागच्या दोन पुरतात. पुढे नाकाखालीही स्प्रिंग असलेल्या सीट जड वजनाच्या माणसांसाठी आणि अगदी ताठ बसणाऱ्यांसाठी असतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलींवर अशा सीट पुष्कळ दिसायच्या. त्यांवर बसलं की झोपाळ्यासारखं सगळं अंग हलतं. कोणाला ते आवडतं, कोणाला पॅडल मारताना तोल गेल्यासारखं वाटतं.

पन्नास-पंचावन्न किलोच्या आतल्या माणसाला जाड स्प्रिंगा फारशा दबतच नाहीत. त्यांना नुसतं जादा लोखंड वाहावं लागतं. अशांनी बिनस्प्रिंगची रुंद सीट घ्यावी, टायर जाड ठेवावेत आणि हवा थोडी कमी भरावी. दणका तेवढाच कमी होतो.

६. ब्रुक्सचे बी-१७, बी-६६, बी-६७, बी-३३ यांत फरक काय? ब्रुक्सच घ्यावी लागते का?

घ्यावीच लागते असं नाही, पण या प्रकारच्या सीटचा मापदंड त्यांनी घालून दिला आहे, म्हणून नावं त्यांचीच येतात. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला घोड्याच्या सामानाचा आणि चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय सुरू केला. सायकलच्या सीटचं त्यांचं पहिलं पेटंट १८८२ चं. खोगीर करणाऱ्यांच्या हातून सायकलची सीट घडली, हे तिच्या रिव्हेटकडे आणि कडा कापण्याच्या पद्धतीकडे पाहिलं की आजही कळतं. २००२ पासून कंपनी इटलीच्या सेले रोयाल गटाकडे आहे.

बी-१७ ला स्प्रिंगा नाहीत. तिची रुंदी सुमारे १७५ मिलिमीटर आणि वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. मध्यम उंचीच्या हँडलसाठी ती योग्य. तिलाच मागे स्प्रिंगा लावल्या की फ्लायर होते. बी-६६ आणि बी-६७ ची वरची बाजू एकच, सुमारे २०५ मिलिमीटर रुंद, मागे दोन स्प्रिंगा. त्यांच्यातला फरक फक्त खालच्या, पकडीत बसणाऱ्या जाड तारांचा: ६६ ला दुहेरी तारा (प्रत्येक बाजूला दोन), ६७ ला एकेरी (प्रत्येक बाजूला एक) (प्रश्न ८). बी-३३ सगळ्यांत दणकट, पुढेही स्प्रिंग असलेली. ६६ आणि ६७ च्या नावापुढे ‘एस’ असेल तर नाक आखूड असतं. ते स्त्रियांसाठी म्हणून येतं, पण पटलं तर कोणीही घ्यावं.

पुण्यातल्या रोजच्या पाच-दहा किलोमीटरला, ताठ बसणाऱ्या माणसाला, मी बी-६७ किंवा तिच्या मापाची सीट सुचवतो. खर्च जास्त वाटला तर चांगल्या अवस्थेतली जुनी देशी चामड्याची सीट शोधा. नवी वरवरची नक्कल मात्र घेऊ नका. तिचं चामडं पातळ असतं आणि वर्षभरात पोटासारखं सुटतं.

७. दुकानदार ‘अस्सल लेदर’ म्हणतो. ओळखायचं कसं?

सीट उलटी करा. अस्सल चामड्याची खालची बाजू खरखरीत, तंतुमय असते, बोट फिरवलं तर मखमलीच्या उलट बाजूसारखी लागते. रेक्झिन असेल तर खाली विणलेलं कापड, फोम किंवा पत्रा दिसतो. कड पाहा: चामडं कापलेल्या जागी आरपार एकाच पोताचं असतं, रेक्झिनला थर दिसतात. नंतर नख हलकेच दाबा. वनस्पतीच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर नखाची खूण थोडा वेळ राहते.

मला एकदा ‘अस्सल लेदर’ म्हणून दिलेली सीट घरी येऊन उलटी केली तेव्हा खाली पुठ्ठा निघाला. त्या दिवसापासून मी दुकानातच सीट उलटी करतो, समोर कोणीही असो.

८. माझ्या सीट पिलरवर ती बसेल का?

पिलर म्हणजे सीट ज्यावर बसते तो दांडा. तो दोन प्रकारचा असतो. जुन्या सायकलींचा पिलर म्हणजे नुसती नळी, वरचं टोक २२.२ मिलिमीटर, म्हणजे ७/८ इंच. त्यावर वेगळी सीट क्लिप बसते. या क्लिपमध्ये एकेरी आणि दुहेरी दोन्ही तारांच्या सीट बसवता येतात, पण क्लिप त्या त्या प्रकारची हवी. नव्या सायकलींच्या पिलरला वरच पकड जोडलेली असते. तिच्यात फक्त सात मिलिमीटरच्या एकेरी तारा, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच, बसतात. म्हणून तिथे बी-६७ बसते, बी-६६ बसत नाही.

दुकानात जाताना पिलर काढून सोबत न्या. त्याने निम्मी भांडणं वाचतात.

९. उंची आणि कोन कसा ठेवायचा?

उंचीसाठी भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल अगदी खाली आणा. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर कलंडता कामा नये. नंतर पायाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्याला योग्य तेवढा बाक येतो. दोन्ही तळपाय बसल्या बसल्या जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली करून ठेवणारे खूप आहेत. मग गुडघे दुखतात, वजन पायांवर न येता सगळं सीटवर येतं, आणि दोष सीटला मिळतो. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय लावा.

कोनाच्या बाबतीत चामड्याची सीट फोमपेक्षा वेगळी आहे. नाक किंचित वर ठेवावं लागतं, कारण चामडं मधे थोडं खोलगट होतं आणि नाक सपाट असेल तर माणूस पुढे घसरत राहतो. मग हातांवर भार येतो, मनगटं दुखतात. जुन्या क्लिपला दातेरी वायसर असतात. पाना लावा, नट सैल करा, एक दातच सरकवा, घट्ट करा आणि दोन दिवस चालवून पाहा. एकदम दोन दात सरकवले की नेमकं काय बदललं ते कळत नाही.

पुढे-मागे सरकवायला या सीटच्या तारा आखूड असतात. जागा कमी पडली तर क्लिप पिलरवर उलटी फिरवा. तिचा बोल्ट पिलरच्या पुढे आहे की मागे, यावर सीट काही सेंटिमीटर सरकते. अनेकांना ही युक्ती ठाऊक नसते आणि ते उगाच नवा पिलर घेतात.

१०. नवी सीट घेऊन आठवडा झाला, बसवत नाही. परत करू का?

नवी कोल्हापुरी चप्पल चावते, तशी ही सीटही सुरुवातीला चावते. दोघींच्या चावण्याचं कारणही एकच आहे. दोन्हींचं चामडं वनस्पतीजन्य द्रव्यांनी कमावलेलं असतं. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. असं चामडं कडक राहतं, पण ऊब, घाम आणि दाब मिळाला की हळूहळू अंगाचा आकार घेतं आणि तोच आकार धरून ठेवतं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं आकार घेतं पण धरत नाही, म्हणून ते सीटला चालत नाही.

साधारण पाचशे किलोमीटर धरा. रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर असेल तर दोन महिने होतात. काहींना त्याआधी बरं वाटतं, जाड चामड्याच्या सीटला हजारही लागतात. सुरुवातीला लांबची चक्कर नको, रोजची छोटी चक्कर बरी. उजेडात तिरपं पाहिलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन फिकट, किंचित चकचकीत खळगे दिसू लागतात. ते दिसले की समजा काम नीट सुरू आहे.

बसल्यावरची दुखरी जाणीव आठवड्यागणिक कमी होत असेल तर थांबा. दुखणं हाडाखाली नसून मधोमध असेल, किंवा बधिरपणा येत असेल, तर वाट पाहू नका: प्रश्न २० वाचा.

११. लवकर मऊ व्हावी म्हणून खोबरेल तेल लावू का? एकाने तेलात भिजवून ठेवायला सांगितलं आहे.

नका, कृपा करून नका. मला सगळ्यांत जास्त खराब झालेल्या सीट आणून दाखवल्या गेल्या त्या तेलामुळेच. कोल्हापुरीला आपण तेल लावतो म्हणून हा सल्ला सुचतो, पण चप्पल जमिनीवर सपाट टेकलेली असते. ही सीट दोन टोकांना ताणून टांगलेली आहे. तेल आत मुरलं की तंतू एकमेकांवरून घसरतात, चामडं लांबतं, आणि सीट ओल्या टॉवेलसारखी मधून लोंबते. मग ताण वाढवायचा नट शेवटपर्यंत फिरवला तरी ती वर येत नाही. तेल बाहेर काढण्याचा उपायही उरत नाही.

खोबरेलाचा आणखी एक त्रास: दमट हवेत त्यावर बुरशी लवकर चढते आणि पँटीला तेलाचे डाग पडतात. चामड्याला लावायचं नीट्सफूट तेल, एंजिन ऑइल, मोहरीचं तेल या सगळ्यांना हेच उत्तर.

सीटसाठीचं घट्ट मेण लावा. ब्रुक्सचं प्रूफाइड हे त्यातलं माहितीचं नाव. नवी असताना एकदा वरून पातळ थर, रात्रभर ठेवा, सुती फडक्याने चमक येईपर्यंत पुसा. नंतर वर्षातून दोनदा पुरे: एकदा मेअखेर, एकदा दिवाळीच्या सुमाराला. बोटाच्या पेरावर मावेल एवढंच घ्या.

१२. पावसाळ्यात ही सीट टिकेल का? आम्ही कोकणात राहतो.

टिकते. काळजी मात्र घ्यावी लागते, आणि ती वरून पडणाऱ्या पाण्यापेक्षा खालून उडणाऱ्या पाण्याची जास्त. वरची बाजू गुळगुळीत, मेण लावलेली असते. खालची बाजू उघडी, तंतुमय, टीपकागदासारखी पाणी ओढणारी. मागचं चाक तिथेच पाणी फेकतं. म्हणून पूर्ण लांबीचं मागचं मडगार्ड हवंच. रोडस्टरला ते असतंच, हायब्रिडवाल्यांनी आधी मडगार्ड घ्यावं, मग चामड्याची सीट. मेअखेरीस खालच्या बाजूलाही मेणाचा अगदी पातळ थर लावा.

सायकल बाहेर उभी करताना वर प्लॅस्टिकचं आवरण घाला. आंघोळीची टोपी छान बसते, खिशात मावते. पण घरी आलात की आवरण काढा. कोकणात आवरणाखाली ओल कोंडते आणि आठ दिवसांत सीट हिरवी पडते. जून ते सप्टेंबर सायकल जिन्याखालच्या बंद कोपऱ्यात ठेवण्यापेक्षा वारा खेळेल अशा ओट्यावर ठेवा.

मुसळधार दिवसांत मी सरळ रेक्झिनची सीट लावतो. क्लिपचा एक नट, दोन मिनिटांचं काम.

१३. भिजलीच. आता काय करू?

तिच्यावर बसू नका. ओलं चामडं ताणलं जातं आणि ताणलेल्या आकारातच वाळतं. घरी पोचायचंच असेल तर पॅडलवर जास्त भार द्या, नाहीतर सायकल हातात धरून चालत जा. सुती फडक्याने पाणी टिपून घ्या, घासू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस वाळू द्या. ऊन, हीटर, हेअर ड्रायर नको: वरचा थर आधी आक्रसतो, खालचा ओला राहतो आणि कडेने तडे जातात. पूर्ण वाळल्यावर पातळ मेण. नट आवळायचा मोह त्या दिवशी टाळा.

१४. नाकाखालचा नट कधी आवळायचा?

शक्य तितक्या उशिरा. पहिली सहा महिने तर हातच लावू नका. चामडं आकार घेत असताना ते थोडं खाली जाणारच, तो सैलपणा नव्हे.

बसल्यावर चामडं खालच्या तारांना टेकत असेल, किंवा मधे बसून उठताना झोळीत अडकल्यासारखं वाटत असेल, तेव्हा पाव फेरा द्या. सोबत येणारा चपटा पानाच वापरा. महिनाभर चालवा, मग गरज असेल तरच आणखी पाव फेरा. बाजेचा सुंभ जास्त आवळला तर तुटतो, तसं इथे चामडं नाकाजवळच्या रिव्हेटच्या भोकांतून फाटतं. ती फाट शिवता येत नाही.

१५. दोन्ही बाजूंच्या कडा बाहेर फाकल्या आहेत आणि मांडीला घासतात.

जुन्या सीटचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि नट आवळून ते जात नाही. दोन्ही लोंबत्या कडांना खालून समान अंतरावर चार-पाच भोकं पाडा आणि बुटाच्या जाड नाडीने खालून आडवं गुंफून कडा आत ओढा. भोकं कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत हवीत आणि गोल पंचनेच पाडावीत. आरीने पाडलेलं भोक पुढे चिरत जातं. चप्पल-बूट दुरुस्त करणारे कारागीर हे पाच मिनिटांत करून देतात. नाडी बोटाने दबेल एवढीच ओढा.

१६. बसलं की कुरकुर वाजते.

नव्वद टक्के वेळा आवाज चामड्याचा नसतो. स्प्रिंगचं टोक जिथे पट्टीला आणि तारेला बोल्टने जोडलेलं असतं तिथला असतो. तिथे शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब, काडीच्या टोकाने. थेंब चामड्यावर पडू देऊ नका (कारण प्रश्न ११ मध्ये). तरीही वाजलं तर क्लिपचा नट सैल आहे का पाहा, मग नाकाखालच्या बोल्टचं टोक. चामड्याचा स्वतःचा हलका करकर आवाज पहिल्या महिन्यात येतो आणि आपोआप जातो.

१७. कपड्यांना रंग लागतो. साडी किंवा ओढणी स्प्रिंगमध्ये अडकेल का?

काळ्या आणि गडद तपकिरी नव्या सीटचा रंग पहिले काही आठवडे फिक्या कपड्याला लागतो, विशेषतः घामाने. कोरड्या पांढऱ्या फडक्याने रोज पुसत राहा, फडकं स्वच्छ निघू लागलं की झालं. फिक्या मधाळ रंगाच्या सीटला हा त्रास जवळजवळ नसतो.

साडी, ओढणी, सैल कुर्ता: गुंडाळीच्या फटीत कापड जातं आणि स्प्रिंग दबली की धरलं जातं. पदर खोचा, ओढणी पुढे बांधा. आखूड नाकाची सीट साडीत उतरताना जास्त सोयीची पडते.

१८. मागे कॅरिअरवर मुलीला बसवतो. काही धोका?

आहे, आणि हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. मागे बसलेलं मूल धरायला जागा शोधतं, आणि त्याच्या हाताच्या उंचीवर नेमक्या सीटच्या स्प्रिंगा असतात. तुम्ही खड्ड्यात आदळलात की गुंडाळी मिटते आणि त्यात बोट असेल तर चेंगरतं. लहान मुलाचं बोट चेपायला तेवढा दाब पुरेसा असतो.

दोन्ही स्प्रिंगा झाका. जाड कॅनव्हासची किंवा जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट बांधली तरी चालते, फक्त बोट आत जाईल अशी फट उरू नये. मुलाला धरायला वेगळी मूठ लावा. सायकल उचलतानाही मोठ्यांनी सीटच्या मागून, स्प्रिंगांत बोटं घालून उचलू नये.

१९. गायीचं चामडं नको आहे. पर्याय?

युरोपातल्या या सीट सर्वसाधारणपणे गोवंशाच्या चामड्याच्या असतात. प्रूफाइडमध्येही प्राण्यांची चरबी आणि कॉड माशाचं तेल आहे, हे शाकाहारी मंडळींना माहीत असावं. त्याऐवजी मधमाशांच्या मेणाचं, चरबी नसलेलं लेदर वॅक्स चालतं.

चामडंच नको असेल तर ब्रुक्सची कँबियम पाहा: व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे प्रक्रियेने टिकाऊ केलेलं रबर आणि वर कापड. तीही मधे मोकळी, टांगलेली असते आणि पावसाची चिंता नाही. मात्र तिच्यावर चामड्यासारखे खळगे पडत नाहीत, त्यामुळे माप पहिल्याच दिवशी जुळायला हवं. स्वस्तात हवं असेल तर स्प्रिंगवाली रुंद रेक्झिनची सीट. दणका ती तितकाच घेते, कारण दणका घेण्याचं काम स्प्रिंगेचं आहे (प्रश्न १).

२०. सगळं केलं, पाचशे किलोमीटरही झाले, तरी बधिरपणा येतो.

मग सवयीचा प्रश्न नाही, मापाचा आहे. क्रमाने तपासा. नाक फार वर आहे का? एक दात खाली घ्या. सीट फार उंच आहे का? कंबर डावी-उजवी कलंडत असेल तर आहे. हँडल फार लांब आहे का? ताठ बसायची सायकल असूनही हात पूर्ण ताणावे लागत असतील तर तुम्ही नकळत पुढे वाकून नाकावर बसता. शेवटी रुंदी: खळगे पट्टीला लागून पडले असतील तर सीट तुम्हाला अरुंद आहे.

काहींची शरीररचनाच अशी असते की मधे खाच असलेली सीटच मानवते. त्यांनी बिनखाचेच्या सीटवर हट्टाने बसू नये. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, किंवा लघवीला त्रास होत असेल, तर सायकल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. प्रोस्टेटचा त्रास, मूळव्याध, नुकतं झालेलं बाळंतपण, यांत सीट बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

२१. चोरीला जाईल का?

महागडी असेल तर जाऊ शकते. क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय हाताने उघडणारी, पकड काढून साधा नट लावा. सीटच्या तारा आणि फ्रेम यांतून जुनी सायकलची चेन ट्यूबमध्ये घालून बांधा.

२२. आजोबांच्या सायकलची सीट माळ्यावर सापडली. चामडं लाकडासारखं झालंय. वाचेल का?

वाचेल की नाही ते तड्यांवर आहे. सीट उलटी करून खालून पाहा. तडे फक्त वरच्या पापुद्र्यात असतील तर आशा आहे. तडा आरपार गेला असेल, किंवा रिव्हेटजवळ चामडं पावासारखं चुरा होत असेल, तर बसायला ती वापरू नका, बसल्या क्षणी फाटेल.

वाचवायची असेल तर घाई नको. आधी नाकाखालचा नट पूर्ण सैल करा, गंजला असेल तर एक-दोन दिवस गंजनाशक तेल सोडून मगच फिरवा. धूळ कोरड्या ब्रशने झाडा. किंचित ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या, मग मेणाचा पातळ थर. आठवड्याने दुसरा. तिसऱ्या-चौथ्या थरानंतर चामड्यात जीव येतो, रंग गडद होतो. त्यानंतरच हाताने दाबून पाहा.

माझ्या वडिलांची सीट मी अशीच दीड महिना खपून परत आणली. मेणाचा तिसरा थर पुसताना फडक्याखाली त्यांचे दोन खळगे दिसले, डावा उजव्यापेक्षा थोडा खोल. ते एका पायावर जरा जोर देऊन पॅडल मारायचे, हे मला तेव्हा आठवलं. मी त्या सीटवर बसून पाहिलं, मला ती टोचते. त्यांची हाडं माझ्यापेक्षा जवळ होती. म्हणून ती आता माझ्या सायकलवर नाही, घरातल्या खुंटीवर आहे, आणि मेअखेरीस माझ्या सीटबरोबर तिलाही मेण लावतो.

आजोबांची सीट तुम्हाला बसली नाही तर तिच्या क्लिपचं, स्प्रिंगांचं आणि रिव्हेटचं लोखंड तपासून घ्या. पट्टी सरळ असेल तर लेदरचं काम करणारा चांगला कारागीर त्याच सांगाड्यावर नवं चामडं ताणून देऊ शकतो. चामडं वनस्पतीने कमावलेलं, साडेचार-पाच मिलिमीटर जाड आणि पाठीच्या भागाचं असावं, पोटाच्या भागाचं नको, ते लांबतं. जुनं चामडं फेकून देऊ नका. नव्यासाठी कापायचा नमुना तेच आहे.